डावा वेढा

दिवसाला अकराशे वेढे घालायची तुदोरा, चिकटपट्टीचे.
मोजायची नाही. मोजायचं यंत्र,
आणि भिंतीवरच्या पडद्यावर तिचा आकडा
हिरवा व्हायचा किंवा लाल.

मोल्दोव्हातलं बाल्त्स शहर, शहराबाहेर
साखर कारखान्याचं जुनं गोदाम.
तिथं वायरी यायच्या रिळांतून:
तांबं चिलीचं, वेष्टण कोरियाचं,
जोड कुठले ते खोक्यावर छापलेलं, पण वाचायला सवड कुणाला.
जायच्या जुडगा होऊन
जर्मन मोटारीच्या पोटात शिरायला.

एकशे बेचाळीस वायरी.
फळ्यावर खुंट्या, खुंट्यांमधून बोटांनी वाट काढायची.
पिवळी दाराकडे,
तपकिरी दिव्याकडे,
निळी-पांढरी कुठे जाते
हे तिला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही.
तिनंही विचारलं नाही. विचारलं की आकडा लाल होतो.

खोटं कशाला बोला, कंपनीनं दिलंही.
पहिल्या वर्षी पुढचे दोन दात बसवले,
दुसऱ्या वर्षी सासूच्या विहिरीला पंप.
त्याआधी ती बाजारात सूर्यफुलाच्या बिया विकायची,
पेल्यानं मापून,
आणि जानेवारीत बोटं फुटायची.

मग मोरोक्कोहून सहा बायका आल्या.
फलकावर कागद लागला: प्रशिक्षण.
पुढचा शब्द कुणी लावला नाही,
पण जिना झाडणारीलासुद्धा तो वाचता आला.

तुदोराच्या वाट्याला यामना. केनित्राची. डावखुरी.
दुभाषी एकच, तोही दुसऱ्या दिवशी तापानं आडवा.
मग बोटंच बोलली बोटांशी:
असं धर. ताण.
अर्धी पट्टी अर्धीवर.
अगं, इतकं नको आवळूस, गुदमरेल ती.

यामना उलट्या अंगानं वेढा घालायची.
तुदोरानं तिचा हात तीनदा सरळ केला,
चौथ्यांदा राहू दिला.

जेवणाच्या सुट्टीत पाराशिवा कानाशी लागली:
एक खुंटी चुकीची शिकव ना.
एकच. कुणाला कळणारे?
तुदोरा रात्रभर त्या खुंटीशी जागी होती.
सकाळी बरोबरच शिकवली.
का, ते तिला आजही धड सांगता येत नाही.
पिवळी दाराकडे जाते, म्हणाली,
आणि दाराशी लेकरं बसतात.

जूनमध्ये फळे उतरले.
ह्यूबनर साहेबांनी केक कापला, म्हणाले,
तुम्ही सगळ्या आमचं कुटुंब आहात.
‘कुटुंब’पाशी दुभाषी जरासा थांबला,
मग त्यानं दुसराच कुठला तरी शब्द वापरला.
ट्रक गेले. जमिनीवर राहिली
फळ्यांच्या पायांची फिकट चौकोनी भोकं, ओळीनं.

आठ वर्षं गेली. तुदोरा शाळेत स्वयंपाक करते.
भाच्यानं कुठून तरी जुनी जर्मन गाडी आणली,
सात हातांतून उतरलेली,
डावा दिवा मिचकावणारी.
मेकॅनिकनं पुढची फळी उचकटली
आणि आतून जुडगा बाहेर लोंबला.

तिनं ओल्या हातानं पट्टी चाचपली.
अर्धी अर्धीवर. कुठेही आवळलेली नाही.
आणि वेढा उलटा.

डावखुऱ्या तिकडे पुष्कळ असतील.
किंवा यामनानं कुणाला शिकवलं असेल
आणि त्या मुलीनं उजव्या हातानंही
तसाच उचलला असेल, जसा दिसला तसा.
आता तो फळा तरी तिथे आहे की आणखी पुढे सरकला, देव जाणे.

मावशी, ओळखीचं आहे का काही? भाच्यानं विचारलं.
तिनं मेकॅनिकलाच विचारलं,
ही निळी-पांढरी कुठे जाते रे?

त्यानं ती हातात धरून शेवटपर्यंत सोडवत नेली.
ही? कुठेच नाही.
महागड्या गाडीत सीट गरम करायला लागते.
ह्यात नुसतीच घातलीय.
वेगळा जुडगा करण्यापेक्षा स्वस्त पडतं त्यांना.

सुटलेलं टोक तुदोरानं
अंगठ्यानं दाबून परत बसवलं.